तिबेटी योगाची मराठी परिभाषा : एक परामर्श

तिबेटी योग, सजग श्वसन आणि मनाचा समतोल या तीन शब्दप्रयोगांची एकत्र गुंफण करून लिहिलेला मजकूर गेल्या काही वर्षांत मराठीत वारंवार वाचावयास मिळू लागला आहे. त्यात सांगितलेल्या साधनेविषयी मत देण्याचा अधिकार मला नाही. मी साधक नाही, भाषेचा अभ्यासक आहे. परंतु या सर्व लेखनाचा भार ज्या चारपाच शब्दांवर टाकला गेला आहे, ते शब्द तो भार पेलतात किंवा नाही हे पाहणे भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे नाही. शिवाय या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक मला दुरुस्त करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका परिभाषा-सूचीचे काम चालू असताना ‘माइंडफुलनेस’ या इंग्रजी शब्दासाठी ‘सजगता’ हा प्रतिशब्द मीच सुचविला होता. शब्द सुटसुटीत होता, कानाला बरा होता, बैठकीत कोणी हरकत घेतली नाही आणि पाच मिनिटांत आम्ही पुढच्या नोंदीकडे वळलो. तो इंग्रजी शब्द स्वतःच एका भाषांतराचे अपत्य आहे, त्याच्या मागे पाली ‘सति’, संस्कृत ‘स्मृति’ आणि तिबेटी ‘द्रन्-पा’ उभे आहेत, हा विचार त्या पाच मिनिटांत माझ्या मनात आला नाही. तो यावयास हवा होता.

तिबेटी शब्द येथे लेखनाप्रमाणे दिले आहेत, उच्चाराप्रमाणे नव्हे. तिबेटी लिपी सातव्या शतकात भारतीय लिपीच्या आधाराने सिद्ध झाली. त्यानंतर उच्चार पुष्कळ बदलले. लेखन मात्र जवळजवळ जेथे होते तेथेच राहिले. ‘र्लुङ्’ असे लिहितात आणि ल्हासाचा मनुष्य ‘लुङ’ म्हणतो. ‘र्नल्-ऽब्योर्’ असे लिहितात आणि ‘नाल्-जोर’ म्हणतात. ही लेखी रूपे वाचकाच्या डोळ्यांना काहीशी खुपतील, तथापि शब्दाची घडण त्यांतच दिसते आणि आपल्याला घडणीशीच कर्तव्य आहे.

तिबेटी भाषांतरकारांची शिस्त हा भाषाशास्त्राच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. नवव्या शतकाच्या आरंभी राजाज्ञेने सिद्ध झालेल्या ‘महाव्युत्पत्ति’ या संस्कृत-तिबेटी कोशात सुमारे साडेनऊ हजार नोंदी आहेत. त्याच्या जोडीला इ.स. ८१४ च्या राजाज्ञेने रचलेले एक द्विखंडात्मक विवरण आहे. अमुक संस्कृत शब्दास अमुकच तिबेटी शब्द का योजला, याची कारणे त्यात निवडक शब्दांपुरती दिली आहेत. कोणी नवा शब्द मनाला येईल तसा घडवू नये. तशी गरज पडल्यास तो राजसभेतील पंडितमंडळाकडे निर्णयासाठी पाठवावा, असा दंडकही त्या आज्ञेत आहे. (परिभाषा-समित्यांची थट्टा करणाऱ्यांनी ही जुनी हकीकत अवश्य ध्यानी घ्यावी, आणि समित्यांवर काम करणाऱ्या आम्ही तर अधिकच.) या शिस्तीचा परिणाम असा, की पुष्कळदा तिबेटी शब्द हा संस्कृत शब्दाचा निव्वळ प्रतिशब्द नसतो, त्या शब्दाविषयीचा तो एक निर्णय असतो. ‘योग’ हाच शब्द पाहावा. ‘युज्’ धातूचा जोडण्याचा अर्थ ‘ऽब्योर्’ या पदाने पुरता व्यक्त होतो. परंतु भाषांतरकार तेथे थांबले नाहीत. त्यांनी त्याच्या आधी ‘र्नल्’ हे पद जोडले. त्याचा अर्थ मूळची, अविकृत, स्वाभाविक स्थिती. कशाशी जोडले जावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शब्दातच बसवून टाकले. भारतात ज्या प्रश्नावर दर्शनांची भांडणे झाली, तो प्रश्न तिबेटी शब्दाने एका उपसर्गतुल्य पदात मिटविला आहे.

असे असता मराठीत ‘तिबेटी योग’ हा शब्दप्रयोग तिबेटीतून आलेला नाही, इंग्रजीतून आला आहे. इंग्रजीत तो रूढ होण्यास एव्हान्स-व्हेंट्झ यांनी संपादित केलेल्या १९३५ च्या ‘टिबेटन योगा अँड सीक्रेट डॉक्ट्रिन्स’ या ग्रंथाचा हातभार मोठा आहे. या ग्रंथाकडे आजच्या विद्वानांचा कल काहीसा तुच्छतेने पाहण्याचा आहे, आणि त्याला कारणेही आहेत. संपादकास तिबेटी येत नव्हते. टीपांमध्ये वेदान्त, हठयोग आणि थिऑसफी यांची सरमिसळ आहे. मूळ ग्रंथ कोठे संपतो आणि संपादकाचा उत्साह कोठे सुरू होतो हे ओळखणे वाचकास अवघड जाते. परंतु त्यातील भाषांतर ज्यांचे आहे ते लामा काझी दावा-सामदुप गंगटोकच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, पुढे कलकत्ता विद्यापीठात तिबेटीचे अध्यापक झाले आणि १९२२ साली, ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी तेरा वर्षे, निवर्तले. त्यांच्या शब्दयोजनेत एक सावधपणा आहे, आणि तो पुढच्या लोकप्रिय पुस्तकांत उरला नाही. नाकातून येणारा-जाणारा श्वास आणि नाड्यांतून वाहणारा वायू यांना त्यांनी वेगळे शब्द वापरले. दुसऱ्यासाठी ‘प्राणशक्ती’ अशा अर्थाचा इंग्रजी समास योजला. समास अवजड आहे, हे खरे. पण भेद राखला गेला.

हा भेद हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. तिबेटीत श्वासाला ‘द्बुग्स्’ म्हणतात आणि वायूला ‘र्लुङ्’. श्वासोच्छ्वासावर स्मृती ठेवण्याची जी सर्व बौद्ध संप्रदायांना समान अशी साधना आहे, तिच्या तिबेटी नावात ‘द्बुग्स्’ येतो. तेथे श्वासाला काहीही करावयाचे नसते. तो लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढे ओळखावयाचे असते. ‘र्लुङ्’ची गोष्ट निराळी. तिबेटी वैद्यकात हा शब्द वातदोषासाठी येतो, पित्त आणि कफ यांच्या पंक्तीला. आणि तंत्रमार्गात तोच शब्द प्राणवायूसाठी येतो. तेथे त्याच्यावर क्रिया करावयाची असते. शिळा वायू नऊ निःश्वासांनी बाहेर टाकावयाचा (त्याचे नाव ‘र्लुङ्-रो’, आणि ‘रो’ म्हणजे प्रेत), वरचा वायू खाली दाबावयाचा, खालचा वर ओढावयाचा आणि नाभीपाशी दोहोंना घटात कोंडावे तसे कोंडावयाचे. या क्रियेचे नाव ‘बुम्-पा-चन्’, म्हणजे घटयुक्त. आपला ‘कुंभक’च तो.

इंग्रजीतील ‘ब्रेथ’ या एका शब्दाने हे दोन्ही झाकले, आणि त्याच्या मागून मराठीतील ‘सजग श्वसना’ने. काही काळापूर्वी माझा एक विद्यार्थी एक भाषांतरित पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. तिच्या एका प्रकरणात श्वासाकडे शांतपणे पाहण्यास सांगितले होते, आणि पुढच्याच प्रकरणात, त्याच ‘सजग श्वसन’ या मथळ्याखाली, श्वास पोटात दाबून धरण्यास. दोन्ही एकच असे समजून त्याने तीन आठवडे दुसरी क्रिया केली होती. झोप उडाली, छातीत दडपण वाटू लागले, मन एका ठिकाणी ठरेना. क्रिया सोडल्यावर हळूहळू सारे निवळले. तिबेटी वैद्यांना ही लक्षणे अपरिचित नाहीत. चुकीच्या किंवा अति ताणाच्या साधनेने होणाऱ्या या विकारास त्यांच्याकडे ‘स्रोग्-र्लुङ्’, म्हणजे प्राणवायूचा विकार, असे स्वतंत्र नाव आहे. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने ती पुस्तिका लिहिली होती त्या परंपरेला हा धोका ठाऊक होता, त्याला नाव होते, दोन क्रियांना दोन शब्द होते. मध्ये दोन भाषांतरे झाली आणि दोन शब्दांचा एक झाला. तो विद्यार्थी मला दोष देण्यास आला नव्हता, व्याकरणाची एक शंका विचारण्यास आला होता. पण ‘सजग’ हा शब्द त्या पानावर पाहून मला ओशाळल्यासारखे झाले, हे येथे नमूद केले पाहिजे.

वायू आणि मन यांच्या संबंधाविषयी तिबेटी गुरू एक दृष्टांत देतात: मन हा डोळस परंतु पांगळा स्वार आणि वायू हा धडधाकट परंतु आंधळा घोडा. सांख्यांचा पंग्वंधन्याय माहीत असलेल्या वाचकास येथे आपल्या घरचीच ओळख पटेल. फरक एवढाच, की सांख्यांच्या येथे पांगळा पुरुष आहे आणि आंधळी प्रकृती, आणि दृष्टांताचा शेवट दोघांनी एकमेकांना सोडून जाण्यात आहे. तिबेटी स्वाराला घोडा सोडावयाचा नाही; त्याला मांड ठोकावयाची आहे.

वायूवरील क्रियेने देहात खरोखरच काही घडते, याविषयी आज शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धर्मशाळा येथील तीन साधकांची मोजमापे घेऊन १९८२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ‘ग्तुम्-मो’च्या साधनेत हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ सेल्सिअस अंशांपर्यंत वाढल्याचे त्यांना आढळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, पूर्व तिबेटातील साधकांच्या शरीराचे आतील तापमान ३८.३ अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे; आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, त्या अभ्यासात घटश्वास आणि ज्वालेचे कल्पनाचित्र या दोन अंगांची कार्ये वेगळी करून दाखविली आहेत. श्वासाने उष्णता चढते, कल्पनाचित्राने ती टिकते. श्वासाकडे नुसते पाहत बसण्याशी या प्रकाराचे साम्य किती, हे वाचकानेच ठरवावे. ‘ग्तुम्-मो’ या नावाचे एव्हान्स-व्हेंट्झ यांच्या ग्रंथातील भाषांतर मात्र फसले आहे. त्याचे मराठी करावयाचे तर ‘मानसिक उष्णता’ असे काहीतरी होईल आणि वाचकास तापाची आठवण होईल. मूळ संस्कृत शब्द ‘चंडाली’. अंत्यज स्त्री या अर्थी तिबेटीत ‘ग्दोल्-पा’ या पदापासून साधलेला शब्द उपलब्ध होता. भाषांतरकारांनी तो टाळून ‘चंड’ या अंशावर भर दिला आणि उग्र स्त्री या अर्थाचा शब्द निवडला. हाही एक निर्णयच.

आता ‘द्रन्-पा’. या शब्दाचा रोजच्या तिबेटीतील अर्थ आठवणे, स्मरण होणे. महाव्युत्पत्तीत तो ‘स्मृति’चा प्रतिशब्द आहे. ध्यानाच्या संदर्भात स्मृती म्हणजे परिचित वस्तूचा विसर न पडणे. बौद्ध आचार्य तिची व्याख्या करताना ‘असंप्रमोष’ हा शब्द वापरतात आणि पतंजलीनेही योगसूत्रांच्या पहिल्या पादात स्मृतीची व्याख्या करताना तोच शब्द वापरला आहे. चोरीला न जाणे, असा त्याचा जवळजवळ शब्दशः अर्थ. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली पाली सुत्तांच्या भाषांतरात ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला तेव्हा त्या इंग्रजी शब्दात मनात बाळगण्याचा, विसर न पडू देण्याचा अर्थ जिवंत होता. पुढे विशेषतः १९७९ पासून, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी ताणनिवारणाचा उपक्रम सुरू केल्यानंतर, त्या शब्दाचा भर वर्तमान क्षणाकडे निर्विकारपणे लक्ष देण्यावर सरकला. त्या उपक्रमाने रुग्णांना उपयोग झाला असेल, नव्हे झालाच. परंतु ‘सजगता’ हा माझा प्रतिशब्द या सरकलेल्या अर्थाचा प्रतिशब्द होता. तिबेटी साधनेवरील लेखनात तो बसविला की आठवण्याचा अर्थ पुरता गळून पडतो.

येथे व्याकरण आपल्या मदतीस येते. संस्कृतात ‘स्मृ’ धातूच्या कर्मास षष्ठी होऊ शकते. पाणिनीने त्यासाठी वेगळे सूत्र केले आहे (२.३.५२) आणि ‘मातुः स्मरति’ हे त्याचे परंपरागत उदाहरण संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. मराठीतही आपण ‘आईची आठवण’ म्हणतो. आठवण कोणाची वा कशाची, हे सांगितल्याशिवाय शब्द पुरा होत नाही. ‘सजगता’ हा शब्द अशी अपेक्षा निर्माण करीत नाही. मनुष्य नुसताच सजग असू शकतो. रात्री भिंत फोडणारा चोरही असतो. मराठीत या जागी बसेल असा एक जुना, बोलीतला, सर्वांच्या तोंडचा शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘भान’. मूळ संस्कृतात ‘भा’ धातूपासून आलेला हा शब्द प्रकाशणे, प्रतीत होणे या अर्थाचा. परंतु मराठीने त्याला आपले वळण दिले. वेळेचे भान, जबाबदारीचे भान, आपण कोणासमोर बोलतो आहोत याचे भान. दर वेळी षष्ठी आहे. दर वेळी आधीपासून ठाऊक असलेली एक गोष्ट, दुसरे काम चालू असताना, मनातून निसटू न देण्याचा अर्थ आहे. ‘असंप्रमोष’ याहून वेगळा काय असणार? आणि भान ‘ठेवावे’ लागते, ‘राहावे’ लागते, ते ‘सुटते’. या क्रियापदांची जोडणीदेखील तिबेटी ग्रंथांतील वर्णनाशी जुळते.

एक हरकत मला दिसते आणि ती क्षुल्लक नाही. आपल्या भक्तिपरंपरेत भान हरपणे हे गौरवाचे लक्षण आहे. कीर्तनात देहभान विसरलेला मनुष्य आपण वंद्य मानतो. तेव्हा ज्या शब्दाचे हरपणेही साध्य ठरू शकते, तो शब्द साधनेचे नाव म्हणून चालेल काय? मला वाटते चालेल, कारण तेथेही देहाचे भान जाते ते नामाचे स्मरण राहिल्यामुळेच. पण हे माझे मत झाले; वारकरी अभ्यासकांनी त्यावर बोलावे हे अधिक योग्य.

‘द्रन्-पा’ची जोडीदारीण ‘शेस्-ब्झिन्’, संस्कृत ‘संप्रजन्य’. शांतिदेवाने बोधिचर्यावताराचा पाचवा परिच्छेद तिच्याच रक्षणास दिला आहे. मनरूपी हत्तीला स्मृतीच्या दोराने बांधावयाचे, आणि देह व मन कोणत्या अवस्थेत आहेत हे संप्रजन्याने वरचेवर पाहत राहावयाचे, अशी ही वाटणी आहे. इंग्रजी ‘माइंडफुलनेस’ने दोर आणि पहारेकरी एक करून टाकले. ‘शेस्’ म्हणजे जाणणे आणि ‘ब्झिन्’ म्हणजे ते चालू असताना, त्या रीतीने. मराठीत याला ‘जाणत जाणत’ असा अभ्यस्त धातुसाधिताचा प्रयोग अगदी सहज बसतो. त्याचे नाम करावयाचे झाल्यास ‘जाणतेपण’ वाईट नाही.

कालचक्रतंत्रातील षडंगयोगाचा क्रम या संदर्भात पाहण्यासारखा आहे: प्रत्याहार, ध्यान, प्राणायाम, धारणा, अनुस्मृती, समाधी. मैत्री उपनिषदातील षडंगात ‘तर्क’ आहे, तो येथे नाही. त्याच्या ठिकाणी ‘अनुस्मृती’ आली आहे. पतंजलीच्या आठ अंगांत तिला जागा नाही. म्हणजे प्राणाचा निग्रह झाल्यावरही आठवणे संपत नाही. किंबहुना प्राण ठरल्यावरच ते पुरते शक्य होते, असे या क्रमाचे म्हणणे दिसते. ‘प्राणायाम’ या शब्दाचे तिबेटी रूप ‘स्रोग्-र्चोल्’ असे आहे आणि त्यातील ‘र्चोल्’चा अर्थ प्रयत्न, परिश्रम. संस्कृत ‘आयाम’ म्हणजे लांबविणे, आवरणे. तिबेटी भाषांतरकारांनी त्यात ‘व्यायामा’तील कष्ट ऐकले. शब्दाची फोड म्हणून ती विवाद्य ठरेल. पण श्वासाची क्रिया ही सहज विश्रांती नव्हे, हे त्यांनी नावातच सांगून ठेवले, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या पुस्तिकेत नेमके तेवढेच नव्हते.

आता ज्याला आपण समतोल म्हणतो त्याकडे वळू. कमलशील हा नालंदेच्या परंपरेतील आचार्य आठव्या शतकाच्या अखेरीस तिबेटात गेला. त्याच्या ‘भावनाक्रम’ नावाच्या तीन ग्रंथांपैकी पहिल्याचा संस्कृत पाठ जुझेप्पे तुच्ची यांनी १९५८ साली प्रसिद्ध केला. ध्यानात मनाला दोन व्याधी होतात, असे तो सांगतो. एक ‘लय’, म्हणजे बुडणे, पेंगणे, तिबेटी ‘ब्यिङ्-बा’. दुसरी ‘औद्धत्य’, म्हणजे उसळणे, उधळणे, तिबेटी ‘र्गोद्-पा’. मन बुडू लागले तर त्याला आनंद देणारे काही आठवावे. उधळू लागले तर अनित्यतेचा विचार करावा. आणि ते सम चालू लागले की प्रयत्न सोडून द्यावा, कारण त्या वेळचा प्रयत्नच विक्षेप होतो. या सोडण्याचे नाव ‘उपेक्षा’.

मराठी वाचकाची येथे पंचाईत होते, आणि ती केवळ अज्ञानाने होत नाही. हे तिन्ही शब्द आपले आहेत आणि तिन्ही आपल्याला फसवितात. ‘लय’ म्हटले की आपल्याला तबला ऐकू येतो किंवा ब्रह्मात विलीन होणे सुचते. दोन्ही इष्ट गोष्टी. ‘औद्धत्य’ म्हणजे आपल्या लेखी उद्धटपणा, वडिलांसमोर आवाज चढविणे. आणि ‘उपेक्षा’! अनाथांची उपेक्षा, सीमाभागाची उपेक्षा, लेखकाची समीक्षकांनी केलेली उपेक्षा. ज्या शब्दाने एकेकाळी मनाची सर्वांत परिपक्व अवस्था सांगितली, तो शब्द आज आपण तक्रार करण्यासाठी वापरतो. तिबेटी प्रतिशब्द ‘ब्तङ्-स्ञोम्स्’ यात ‘सोडून दिलेले’ आणि ‘सारखे केलेले’ अशी दोन पदे स्पष्ट आहेत. अकराशेहून अधिक वर्षे तो शब्द जागचा हललेला नाही. आपल्या शब्दाचा आपण गमावलेला अर्थ परक्या भाषेने जपून ठेवला आहे, असे उदाहरण तुलनात्मक भाषाशास्त्रातही याहून ठळक क्वचित सापडेल.

याउलट ‘समतोल’ व ‘संतुलन’ हे शब्द अर्थाने स्पष्ट आहेत. पण त्यांचे चित्र चुकीचे आहे. दोन्ही ‘तुल्’ धातूचे, म्हणजे तराजूचे. तराजूची पारडी एकदा समान झाली की ती तशीच राहतात. तोलणाऱ्याने तेथून उठून जावे. बौद्ध परंपरेतील चित्रे अशी नाहीत. सोण नावाच्या भिक्षूला बुद्धाने वीणेच्या तारांचा दृष्टांत दिला, तो पुष्कळांना माहीत आहे: तार फार ताणली तर बोलत नाही, फार सैल सोडली तरीही नाही. त्याहून मला अधिक मोलाचा वाटतो तो तिबेटी महामुद्रा-परंपरेतला. पद्म-कर्पो (१५२७–१५९२) यांच्या ज्या लघुग्रंथाचे भाषांतर एव्हान्स-व्हेंट्झ यांच्या पुस्तकात आले आहे, त्यात मन कसे ठेवावे यासाठी उपमा दिली आहे ती ब्राह्मणाने जानव्याचे सूत कातण्याची. हिमालयापलीकडे, जेथे जानवे घालणारा मनुष्य क्वचितच कोणी पाहिला असेल, तेथे ही उपमा शतकानुशतके पाठ केली जात आहे.

माझे आजोबा टकळीवर जानव्याचे सूत काढीत. ओटीवर बसून, आल्यागेल्याशी गप्पा मारीत हे काम चाले. बोलणे कितीही रंगले तरी चिमटीचा दाब बदलत नसे. पण पेळूत कोठे गाठ आली, सूत जाड निघू लागले, की वाक्य अर्ध्यावर तुटे, बोटे किंचित सैल होत, आणि सूत पुन्हा सारखे निघू लागल्यावर वाक्य पुढे चाले. पीळ जास्त पडला तर सूत आखडून त्याच्या गाठी होतात; कमी पडला तर ते तुटते. सूत ‘सम’ आहे असे म्हणून टकळी खाली ठेवण्याची सोय तेथे नाही. कातणे थांबले की समत्वही थांबले. त्या चिमटीत दोर आणि पहारेकरी, भान आणि जाणतेपण, दोन्ही होती असे आता मला वाटते. लहानपणी मला फक्त टकळीची भिरभिर दिसे.

या सर्व परिभाषेचा आणि महाराष्ट्राचा संबंध मी ओढूनताणून जोडू इच्छित नाही. परंतु जो आहे तो नाकारण्याचेही कारण नाही. ‘अमृतसिद्धि’ हा अकराव्या शतकाच्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषांतरासह मिळाला आहे. जेम्स मॅलिन्सन आणि पेटर-डॅनियल सांतो यांनी केलेल्या त्याच्या संपादनानंतर, हठयोगाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथांपैकी हा एक असून तो बौद्ध तांत्रिक वर्तुळातून आला, हे मत दृढ झाले आहे. पुढे नाथपंथाने जो हठयोग आपलासा केला त्याची काही मुळे अशी तिबेटाकडे गेलेल्या शाखेशी एकत्र येतात. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी आणि पवन यांचे जे वर्णन आहे ते ‘र्लुङ्’ आणि ‘ग्तुम्-मो’ यांच्या शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. ‘पवन’ हा तेथील शब्द ‘श्वास’ नव्हे, हे तर उघडच आहे. म्हणजे जो भेद आज मराठी पुस्तिकांत हरवला तो सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत होता. पाली परंपरेतील समाधिसाधनेवर मराठीत लिहिण्याची वाट धर्मानंद कोसंबी यांनी पाडली, आणि पु. वि. बापट यांनी १९६४ साली ‘विमुक्तिमार्गा’तील धुतगुणांच्या प्रकरणाचा तिबेटी पाठ संपादून प्रसिद्ध केला. १९७६ पासून इगतपुरी येथे जी आनापानाची साधना शिकविली जाते ती ब्रह्मदेशातून आलेली आहे. तिच्यावर ‘तिबेटी’ हे विशेषण चिकटविणे अनैतिहासिक होय. आणि पीटर केल्डर यांच्या १९३९ च्या पुस्तिकेतून जगभर गेलेले ‘पाच तिबेटी’ व्यायाम? त्यांच्यामागे केवळ निनावी लामांची एक कथा आहे. ल्हासाच्या पोताला प्रासादामागील लुखांग मंदिराच्या भित्तिचित्रांत तिबेटी योगाच्या आसनांची जी मालिका आहे, ती पाहिल्यावर त्या पुस्तिकेविषयी अधिक लिहिण्याची गरज राहत नाही.

माझ्या जवळ असलेल्या त्या परिभाषा-सूचीच्या प्रतीवर मी काही दुरुस्त्या केल्या आहेत, आणि पुढील आवृत्तीसाठी त्या संबंधितांकडे पाठविल्या आहेत. ‘सजगता’ खोडून ‘भान’. संप्रजन्यासाठी ‘जाणतेपण’. श्वासावर नुसते ध्यान ठेवण्यासाठी ‘श्वासभान’, आणि घटश्वासाच्या सर्व क्रियांसाठी जुनेच ‘कुंभक’ व ‘प्राणायाम’. दोहोंना एक नाव देऊ नये अशी स्पष्ट टीप. बुडणे आणि उधळणे या दोन व्याधींसाठी हेच दोन मराठी शब्द. ‘संतुलना’च्या जागी ‘समपीळ’ लिहिले होते. ते दुसऱ्या दिवशी मलाच हास्यास्पद वाटले आणि मी खोडले. ‘ब्तङ्-स्ञोम्स्’च्या ओळीत डावीकडे तिबेटी शब्द आहे, त्याखाली संस्कृत ‘उपेक्षा’ कंसात आहे, आणि उजवीकडची जागा तूर्त कोरी आहे.